वाइडोंगोचा खेकडा अक्षय निधी

उपकार करणाऱ्याला केलेला उपकार डोळ्यांनी बघावा लागतो, आणि बघायला आलेल्याला जेवू घालावं लागतं. जगातली बरीच चांगली कामं या दोन कलमांवर उभी आहेत. तिसरं कलम इनोसीचं: जेवण बेताचं असून चालत नाही.

हा इनोसी म्हणजे गावात खेकडे धरणाऱ्या मकेरेता आत्याच्या सख्ख्या भावाचा मुलगा. निधीचा चिटणीस झाल्यापासून त्याचं वागणं आत्याला पसंत नव्हतं. वाइडोंगो गावात सरदाराशिवाय कुणी डोक्यावर काही घालत नाही. हा मात्र निधीची टोपी घालून भर गावातून फिरे, तिच्यावर भरतकामाचा खेकडा. आत्या म्हणे, खेकडा याच्या डोक्यात होताच, आता वर येऊन बसला.

निधीबद्दल मात्र वाईट बोलायला जागा नाही. 'वाइडोंगो खारफुटी व खेकडा अक्षय निधी' परदेशातल्या दयाळू माणसांनी उभारला. नियम असा, की मूळ ठेवीला कुणी हात लावायचा नाही. वर जे सुटेल तेवढंच खारफुटीसाठी वापरायचं. हे गावाला समजावून द्यायला तीन शिबिरं लागली (चहा-बिस्किटांसह). आत्या दुसरीपर्यंत शिकलेली. तिला हा नियम सातव्या वर्षी आईच्या एका थपडेत समजला होता: अंड्यांनी भरलेली मादी बिळातच राहू द्यायची, बाकीचे खा. पण थपडेचा अहवाल लिहिता येत नाही, म्हणून ती पद्धत मागास धरतात.

निधीनं कामही पुष्कळ केलं. खारफुटीत दात्यांच्या नावांच्या चौसष्ट पाट्या लावल्या. खाऱ्या चिखलात लवकर न कुजणारं लाकूड गावाला एकच ठाऊक, ते खारफुटीचं. तेव्हा पाट्यांचे खांब कशाचे, हे सांगायला नको. (उरलेल्या झाडांना त्यामुळे हवा मोकळी मिळते, असं अहवालात आहे.)

शिवाय दर वर्षी दात्यांची भेट. पाहुण्याला गावातलं सगळ्यात चांगलं ते वाढायचं ही इथली रीत, आणि सगळ्यात चांगलं म्हणजे आत्यानं चिखलात खांद्यापर्यंत हात घालून काढलेला खेकडा. नारळाच्या दाट दुधात रटरटलेला, वर कांदा, मिरची, लिंबू. नांगी फोडली की पांढरंशुभ्र मांस अख्खं बाहेर येतं, आणि मग बोटं चाटताना कोण कुठल्या देशाचा ते ओळखू येत नाही.

पहिल्या वर्षी चार दाते आले. खाडीत खेकडे मोजले ते तीनशे बारा. दुसऱ्या वर्षी दाते अकरा, खेकडे दोनशे. तिसऱ्या वर्षी सत्तावीस आणि नव्वद. (दाता एकटा येत नाही. त्याच्यासोबत बायको, फोटोवाला आणि दुसऱ्यांदा वाढून घेण्याची इच्छा असते.) इनोसीनं अहवालात लिहिलं, की खेकडे झपाट्यानं कमी होत आहेत, यावरून निधीची गरज सिद्ध होते. गरज सिद्ध झाल्यावर दाते वाढले. यंदा सेहेचाळीस येणार होते.

मंगळवारी इनोसी आत्याकडे आला, टोपी काढून. काम असलं की तो काढे. खाडीत खेकडे उरले नव्हते. होते ते आतल्या जुन्या ओहोळात, फक्त आत्याला ठाऊक असलेल्या बिळांत, आणि त्याही माद्या. त्या काढणं म्हणजे हानी नव्हे, त्यानं समजावलं. निधीच्या भाषेत ती एक वेळची अपवादात्मक उचल.

"भरलेल्या माद्या?" आत्यानं विचारलं.

"अगं आत्या, तुझ्या हातचं खायला येतायत माणसं."

इथे तो तिला बरोबर ओळखून होता. आत्याच्या पानावरून पाहुणा खेकड्याविना उठला, असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. तिच्या सासूबद्दल म्हटलं होतं. सासू जाऊन तीस वर्षं झाली, अजून म्हणतात.

गुरुवारी ओहोटीला ती ओहोळात उतरली. पहिल्याच बिळात मादी हाताला लागली, जड, काठोकाठ भरलेली. गुडघाभर चिखलात आत्या बराच वेळ तशीच वाकून राहिली. मग हात बाहेर काढला आणि रिकामी टोपली घेऊन घरी आली.

शुक्रवारी चटयांवर सेहेचाळीस दाते बसले. आत्यानं स्वतःच्या हातानं सगळ्यांना उकडलेले कसाव्याचे कंद आणि डब्यातले मासे वाढले. दात्यांनी त्याचेही फोटो काढले. एका सद्गृहस्थानं फार हळुवारपणे विचारलं, की खेकडे मागून येणार आहेत का. इनोसी आत्याच्या कानाशी लागून म्हणाला, "नाक कापलंस, आत्या."

आत्यानं वाढणं थांबवलं नाही. शेवटच्या चटईपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली (पाहुण्यांना भाषा कळत नव्हती, ते आदरानं माना डोलवत राहिले):

"नाक माझं आहे, इनोसी, मी कापीन नाही तर ठेवीन. लोकांचा कळवळा पोटातून येतो. तू जमवलेला पोटातच जातो. आता अहवाल लिहायला बस. लिही, खेकडे आहेत, कुठे आहेत ते आत्या सांगत नाही. आणि खाली एक ओळ घाल: एवढं सगळं वाचूनही ज्याच्या मनात नारळाच्या दुधातला खेकडाच राहिला, तो फार दयाळू माणूस आहे. त्यानं दान जरूर पाठवावं, आणि स्वतः घरी बसावं."