पांढरं म्हणजे पांढरं

शेजारच्या अंबादासअण्णांच्या घरात चपला घालून शिरलात तरी चालतं, खिशात मोबाईल मात्र चालत नाही. दारात प्लास्टिकची टोपली आहे. किल्ल्या, मोबाईल, अंगावरचं सगळं लोखंड तिच्यात. एकदा मला कमरेचा पट्टाही काढायला लावला, आणि मी तासभर पँट धरून बसलो.

कारण आतल्या टेबलावरचा तो कॉम्प्युटरचा जुना, बोजड, काचेच्या नळीचा पडदा. पुण्याच्या कारखान्यात अण्णा असे पडदे डिझाइन करत, कापडाची नक्षी काढणाऱ्यांसाठी. "वडील मागावर धागे मोजायचे, मी काचेवर ठिपके मोजतो. खानदानी धंदाच हाय की!" स्वतः आखलेला शेवटचा नग त्यांनी गादीत गुंडाळून सोलापूरला आणला. नवी पेठेत चपटा टीव्ही दिसला की खिशातलं भिंग त्याला लावतात आणि दुकानदाराला सुनावतात, "हे चित्र न्हाय, स्टिकर हाय." अशा वेळी मी चार पावलं मागे सरकून अनोळखी होतो.

पाहुण्यांना ते नुसता कोरा पडदा दाखवत. "कुटं डाग हाय? पांढरं म्हणजे पांढरं!" चुंबक जवळ आलं की तिथला रंग बिघडतो. मग पडदा पुन्हा चालू करताना आतल्या तारेचं वेटोळं 'ढण्ण' करी आणि डाग पुसून टाकी.

या घरात गुन्हेगार एकच, काकू. संधिवातासाठी त्यांच्या मनगटात चुंबकाचं कडं असे, आणि चहा त्या नेमक्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्याला खेटून ठेवत. कोपरा जांभळा! "दूरम, दूरम!" अण्णा घरच्या तेलुगूत ओरडत. "लांब लांब किती करता? चहा पाहिजे का पडदा, एकदा ठरवा की," काकू म्हणत. कडं त्यांनी कधी काढलं नाही. रोज दोनदा चहा, दोनदा भांडण, दोनदा ढण्ण.

काकूंना जाऊन चार महिने झाले. परवा गेलो, तर अण्णांनी पडदा लावला आणि ढण्ण झालंच नाही. उजवा कोपरा जांभळा होता.

"वेटोळं बिघडलं वाटतं," म्हणत मी डाग पुसायला हातात धरून फिरवायचं दुसरं वेटोळं उचललं. अण्णांनी माझा हात धरला.

"बिघडलं न्हाय. वायर मीच काढली. तिनं शेवटचा चहा ठेवलेला, त्या दिवशीचा हाय तो."

मी वेटोळं जागेवर ठेवलं. अण्णांनी स्वतः केलेला पाणचट चहा आणून दिला. कप ठेवायला मी पडद्याकडे सरकलो, तोच ते जिवाच्या आकांताने ओरडले, "दूरम, दूरम!"

माझ्या मनगटात घड्याळ राहिलं होतं.