पुंजाजी कोतवालाचा पुरावा

दवंडी देताना पुंजाजी कोतवाल सरकारी मजकुरात पदरची भर घालायचा.

"ऐका हो ऐका! उद्या सकाळी चावडीवर रेशनच्या मिलो ज्वारीचं वाटप हाय, पिशव्या आपआपल्या आना हो! अन् 'सात वेशींचे राज्य' मधला राक्षस वज्रटंक म्हंजे आसेगावचा बळीराम पयलवान होये हो! पुरावा हाय माह्याजवळ!" ढम ढम ढम.

एकदा दौऱ्यावर आलेल्या तहसीलदारांनी हे ऐकलं आणि विचारलं, "हा वज्रटंक कोण? त्याचं रेशनकार्ड आहे का?" पुंजाजी म्हणाला, "नाई साहेब, तो मेला. पन त्याच्या नातवाचं हाय."

बहात्तरचा दुष्काळ नुकता सरला होता. आमचं गाव शिरपूरपासून तीन कोसांवर. मी शाळेत मास्तर आणि गावच्या वाचनालयाचा चिटणीस. वाचनालय म्हणजे दोन कपाटं आणि एक बाक. त्या कपाटांत एकाच पुस्तकाला मागणी होती, 'सात वेशींचे राज्य'. राक्षस, मांत्रिक, विषकन्या राणी, सात वेशींचं सोन्याचं नगर, सगळा मसाला. पाच भाग आले होते, पुढचे दोन यायचे होते.

आता गंमत अशी की ह्या पुस्तकाचे लेखक लहानपणी तीन वर्षं आमच्याच गावात होते. त्यांचे वडील इथे पटवारी. लेखकमहाशय दुसरी-तिसरी आमच्या शाळेत शिकले आणि मग पुण्याकडे गेले ते गेलेच. एवढ्या एका धाग्यावर पुंजाजीनं अख्खं लुगडं विणलं. पुस्तकातलं प्रत्येक माणूस इथलंच, खरंखुरं, होऊन गेलेलं, असं त्याचं म्हणणं.

"मानूस हवेतून येत नाई मास्तर," तो मला बजावायचा. "पुस्तकातलाबी नाई. त्याले कोनी तरी जनलेलं असते."

शिक्षण चौथी. पण कोतवालकीच्या निमित्तानं पाच गावं पायाखाली. निरोप द्यायला धनजला गेला की तिथल्या म्हाताऱ्यांच्या ओसरीवर तास तास बसायचा. पुराव्याचा त्याचा नियम ऐकाल तर थक्क व्हाल. दोन म्हाताऱ्या शोधायच्या, एकमेकींचं तोंडही न बघणाऱ्या. दोघींनी तीच गोष्ट सांगितली तर ती खरी. "भांडलेल्या बाया एक खोटं मिळून बोलत नाईत," हे त्याचं शास्त्र. मी वीस वर्षं इतिहास शिकवला, मला अजून ह्यावर उत्तर सापडलेलं नाही.

ह्या शास्त्रानं त्यानं काय काय सिद्ध केलं! पुस्तकातला मांत्रिक एकाक्ष मंत्रानं सैन्य पळवून लावतो. तो म्हणे धनजचा एकडोळ्या वैद्य. त्यानं निजामाच्या वसुलीच्या शिपायांना जमालगोटा दिला होता. "पयाले का नाई सैन्य?" पुंजाजी विचारायचा. "मंग?" आणि हा सगळा पुरावा तो वाचनालयाच्या पुस्तकांत समासात शिसपेन्सिलीनं लिहायचा. माझं डोकं तडकायचं. "पुंजाजी, पुस्तक सार्वजनिक आहे!" तर म्हणे, "म्हनून तं लिवलं. सार्वजनिकले कळाले पायजे."

एक दिवस घरी येऊन त्यानं सांगितलं की विषकन्या राणी म्हणजे आमच्या सौभाग्यवतींची पणजी. झालं! "माह्या पनजीले विषारी म्हनते मेला," म्हणून ह्यांनी पंधरा दिवस त्याला चहा दिला नाही. पुढे मात्र हळदीकुंकवाला बायकांना स्वतःच सांगताना मी ह्यांना ऐकलं, "आमच्या घरान्यात रानीचं रक्त हाय बरं!"

पुंजाजीच्या घराबद्दल एक सांगायचं राहिलं. बौद्धवाड्यात, अगदी रस्त्यालगत त्याचं दोन खोल्यांचं घर. बायको वारलेली, एकटा जीव. दाराला आतून कडी नाही, बाहेरून कोयंडा नाही. शेळ्या आत शिरून डाळ खाऊन जायच्या. मी एकदा शिरपूरच्या बाजारातून कडी आणून दिली, तर ती त्यानं दावणीच्या खुंट्याला ठोकली. गाव हसायचं, मीही हसलो.

मग सहावा भाग आला आणि हसणं अंगावर आलं.

सहाव्या भागाच्या शेवटी शत्रू सातव्या वेशीपाशी येतो. तिथला द्वारपाल काळदंड सोन्याची थैली घेतो आणि वेस उघडून देतो. नगर लुटलं जातं. आता सातव्या भागात ह्या फितुराला काय शिक्षा होते, ह्याकडे सगळ्यांचे डोळे.

हा काळदंड कोण, हे सांगायला आमच्या गावाला पुराव्याची गरज नव्हती. पेंढारी गावोगाव लुटत फिरत तेव्हाची गोष्ट पोरासोरांना पाठ होती. गावाला भिंत होती, वेस होती, वेशीवर भिकनाक नावाचा वेसकर होता. दिवेलागणीला पेंढारी आले, भिकनाकानं वेस उघडली, आणि गढीत पाटलांचा पूर्वज कापला गेला. भिकनाकानं पैसे खाल्ले, असं गढीवाले सांगत आले. आणि भिकनाक हा पुंजाजीच्या आज्याचा आजा.

आठ दिवसांत गावानं पुंजाजीचं नाव बदललं. हॉटेलात हाळी, "काळदंडाले एक कट चहा दे रे!" पोरं मागून ओरडायची, "थैली कुठी हाय?" पुंजाजी आधी हसला. मग हसणं थांबलं. मग दवंडीतली भरही थांबली. मिलो, लस, शेतसारा, ढम ढम, संपलं. अहो, ती कोरडी दवंडी मलाच ऐकवेना.

एका दुपारी तो वाचनालयात आला. टोपी काढून बाकावर बसला. "मास्तर, सातवा भाग छापला का?"

"नाही अजून. लिहून चाललंय म्हणतात."

"मंग टाइम हाय. त्यायले सांगा, भिकनाकानं पैसा नाई खाल्ला. हे छापलं ना मास्तर, तं मंग ते कायमचं खरं होते. म्या हजार दवंड्या देल्ल्या तरी पुसल्या जात नाई."

"पुरावा?"

"हाय. दोन म्हाताऱ्या." पण कोणत्या, ते सांगेना.

आणि योग बघा. त्याच महिन्यात वाचनालयाच्या वर्धापनदिनाला लेखक स्वतः यायला कबूल झाले. अध्यक्ष अर्थातच बापूसाहेब पाटील, गढीचे मालक, सरपंचही तेच. आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. "मास्तर, पाव्हन्यायसमोर तुमचा कोतवाल बोलला तं ध्यानात ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याचा ढोल दुसऱ्याच्या गळ्यात असन. आमचा मानूस मेला हाय त्यात. त्याचा तमाशा नाई पायजे." प्रश्न फक्त चिठ्ठीवर घ्यायचे आणि चिठ्ठ्या आधी मी बघायच्या, असं ठरलं.

मी निरोप पोचवला. पुंजाजी म्हणाला, "बोलनार नाई ना बाप्पा. एक प्रश्न फक्त. चिठ्ठीवर."

शाळेच्या पटांगणात मांडव. समोर माणसं, उजवीकडे बायका, त्यांच्यात पुढे खुर्चीवर बापूसाहेबांच्या आई, जिजी. नव्वदीच्या. पुंजाजी मांडवाच्या तोंडाशी ढोल घेऊन उभा. सभेची दवंडी त्यानंच दिली होती. लेखक छान बोलले, आपल्या दुसरीच्या मास्तरांच्या छडीची आठवण सांगितली, लोक हसले. मग चिठ्ठ्या माझ्या हातात आल्या. तिसरी चिठ्ठी शिसपेन्सिलीची.

'वेसकराचं घर वेशीच्या आत होतं का बाहेर?'

मी बापूसाहेबांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच पाहत होते. मी ती चिठ्ठी खिशात घातली. लाज वाटते सांगायला, पण घातली. चौथी चिठ्ठी वाचली, राणीच्या अंगठीत कोणतं विष होतं ह्याची. पुंजाजीनं माझा हात खिशात जाताना पाहिला. मला त्याच्याकडे बघवेना.

आभार मानायला मी उठलो, तोंड उघडलं, आणि ढम ढम ढम!

दवंडीला आमच्याकडे कुणी अडवत नाही. मयत चाललेली असो की लग्न, ढोल वाजला की माणूस थांबतो. अख्खा मांडव सवयीनं गप्प झाला.

"ऐका हो ऐका!" पुंजाजीचा आवाज फाटला होता. "वेस राखाची वेसकरानं, अन् दिवे लागल्यावर वेस लागली का त्याचंच घर बाहेर हो! त्याची बायको बाहेर, त्याचं लेकरू बाहेर! पेंढारी आले तवा भिकनाक आत होता अन् त्याचं लेकरू दाराले डोकं आपटून राह्यलं होतं हो! लेखक साहेबाले पुसनं हाय, त्यानं वेस कोनासाठी उघडली?" ढम ढम.

बापूसाहेब ताडकन उठले. "ए पुंजाजी! ढोल खाली ठेव! आज, आत्ता!" मांडवात चुळबुळ सुरू झाली. बौद्धवाड्यातली पोरं मागे उभी राहिली, गढीकडची पुढे सरकली. आता डोकी फुटतात की काय!

तेवढ्यात खुर्चीतून चिरका आवाज आला. "बस बापू खाली."

जिजी. "कायले ओरडून राह्यला? खरं हाय ते. माह्या सासूनं सांगतलं मले. लेकराचं रडनं गढीवर आयकू येत होतं म्हने. थैली-बिली काई नोती. थैली मागून चिटकवली तुमच्या आज्यायनं. गढीतल्या मानसायले सरम वाटे, आपुन दार उघडाले गेलो नाई म्हनून."

बापूसाहेब बसले. आईपुढे पाटीलकी चालत नाही.

मला पुराव्याची दुसरी म्हातारी कोण ते कळलं. पहिली अर्थात पुंजाजीची आत्या. जिजी आणि ती, विहिरीच्या पाण्यावरून झालेल्या भांडणापासून पन्नास वर्षं एकमेकींचं नाव न घेणाऱ्या.

लेखकांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "माझ्या वडिलांना ही गोष्ट गढीवर कुणी तरी सांगितली. ती मी तशीच घेतली. वेशीबाहेर जाऊन विचारावं, हे मला सुचलं नाही." एवढंच. भाग बदलीन असं काही ते म्हणाले नाहीत. मोटारीत बसले आणि गेले. पुंजाजीचा ढोलही कुणी काढून घेतला नाही. जिजींच्या शब्दानंतर ती हिंमत कुणाची?

सातवा भाग दिवाळीनंतर आला. पार्सल शिरपूरच्या एस. टी. नं आलं, मी ते उभ्यानंच फोडलं आणि संध्याकाळी सरळ पुंजाजीकडे गेलो. दार सताड उघडं. तो चुलीपाशी बसला होता.

"वाचा," म्हणाला. डोळे मिटून घेतले.

मी वाचलं. राजानं काळदंडाला फाशी दिली होती. पुंजाजीची बोटं गुडघ्यावर आवळली.

"फाशी देल्ली?"

"दिली. पण थांब, पुढे आहे." थैलीची गोष्ट राजाच्या कारभाऱ्याची थाप ठरली होती. काळदंड फाशीच्या दोरीखाली सांगतो की माझं लेकरू बाहेर होतं. आणि शेवटच्या पानावर उद्ध्वस्त नगरातून एक म्हातारी त्या लेकराला कडेवर घेऊन जाते.

"लेकरू वाचलं?"

"वाचलं."

"मंग झालं," तो म्हणाला. "ते वाचलं म्हनून तं मी हाओ मास्तर." डोळे पुसले, हसला आणि एकदम हसणं मोडलं.

"माह्या आनंदाले तुमी पायलं नाई कधी. तुमी गावात याच्या आधीची गोठ. नागपूरले शिकत होता. म्हने, बा, ढोल सोड. आपन धम्म घेतला, अन् तू अजून गावाची हाळी मारते, लाज नाई वाटत? म्या म्हनलं, याच ढोलावर तू शिकला. बोलाचाली झाली, गेला. सा महिन्यानं परत आला. वैशाखाची दुपार. मले अवाज आला, बा म्हनून. तवा दाराले कडी होती, ती वाजवली त्यानं. तीनदा. म्या आत बसून राह्यलो. म्हनलं, माफी मांगन मंग उघडीन." त्यानं दाराकडे पाहिलं. "नऊ वर्सं झाले. पत्ता नाई."

मी म्हणालो, "येईल रे."

"भिकनाकाच्या मांगं पेंढारी होते मास्तर. तरी त्यानं उघडलं. माह्या मांगं कोन होतं?"

चूल विझत आली होती. मी उठलो. खिशात ती जुनी चिठ्ठी तेव्हापासून तशीच होती. ती काढून पुस्तकात ठेवली आणि पुस्तक त्याच्यापाशीच ठेवलं. "समासात लिहा काय लिहायचं ते," म्हटलं. बाहेर पडताना सवयीनं दार ओढून घेतलं. चार पावलं गेल्यावर लक्षात आलं. जीभ चावली, परत फिरलो आणि दार ढकललं.

ते करकरलं. आतून लगेच आवाज आला, घाईघाईनं उठल्याचा, भांडं कलंडल्याचा.

"कोन हाय? आनंदा?"

"नाही हो, पुंजाजीभाऊ," मी म्हणालो. "मी आहे. मास्तर."