सुरक्षिततेसाठी थोडी मोठी

मुलचेऱ्याजवळच्या एका तंत्रशाळेतील धातू कातणारी, संगणकावर चालणारी सीएनसी लेथ दोन वर्षांपासून बंद होती. प्रशासनाच्या दृष्टीने ही बाब गंभीर नव्हती, कारण बंद यंत्र वीज खात नाही. गंभीर होती ती पोरांना यंत्र शिकवणारा निदेशक धम्मदीप याच्या दृष्टीने. नागपूरच्या एका कारखान्याने कळवले होते की, चालत्या लेथवर परीक्षा दिलेली पोरे असतील तरच नोकरीत घेऊ. परीक्षा मे महिन्यात होती.

लेथचे लोखंड ठणठणीत होते. गेली होती ती हत्यार मागेपुढे सरकवणारी मोटर आणि तिला हुकूम सोडणारा ड्राइव्ह. धम्मदीपने हिशेब मांडला. एक किलोवॅटची सर्व्हो मोटर आणि तिच्या जोडीचा ड्राइव्ह भरपूर झाला असता. तथापि वरचे कार्यालय प्रत्येक मागणीला निम्मी कात्री लावते, हा अनुभव जमेस धरून त्याने दोन किलोवॅट लिहिले आणि सही केली.

प्राचार्य माधवी मॅडमनी कागद पाहिला.

"दोन पुरते का जी?"

"पुरते मॅडम. उरते."

"कमी पडली तं चौकशी माही होईन. जास्त झाली म्हणून कोणाची झाली, सांगा बरं?"

मॅडमनी सुरक्षिततेसाठी चार केले.

जिल्हा कार्यालयात मार्च चालू होता. निधी परत जाण्याच्या भीतीने तेथील कात्री सापडत नव्हती. भविष्यातील विस्तार लक्षात घेऊन त्यांनी आठ केले. विभागीय कार्यालयाच्या दरपत्रकात आठचा रकानाच नव्हता, पंधराचा होता. शाळेच्या इतिहासात प्रथमच मागणी मंजूर झाली, आणि तीही मागणाऱ्याच्या लायकीपेक्षा जास्त.

एप्रिलात मोटर आली. भांडारपाल खुशालभाऊ तिच्याभोवती फेरी मारून आले.

"सर, धानाच्या गिरणीले लावाची हाये का?"

"लेथले."

"मंग लेथ कोणाले लावता?"

मोटरचा दांडा हत्याराची गाडी सरकवणाऱ्या लेथच्या लांब स्क्रूपेक्षा जाड होता. धम्मदीप मॅडमकडे धावला. "एवढ्या ताकदीनं स्क्रू पिळून निंघते मॅडम. बारकी बदलून घेऊ."

"अन् मोठी काऊन मागवली होती, असं विचारलं तं? पयली सही तं तुमचीच हाये."

धम्मदीपने तीच मोटर बसवून नट आवळले.

उद्घाटनाला पाहुण्यांनी बटन दाबले. मोटरने कर्तव्य चोख बजावले. हत्याराची गाडी टोकाला जाऊन आदळली, स्क्रू वाकला, आणि लेथ पाया सोडून पाहुण्यांच्या दिशेने वीतभर सरकली. टाळ्या पडल्या. यंत्र हललेले सर्वांनी डोळ्यांनी पाहिले होते.

चौकशी समितीने निष्कर्ष काढला: मोटर निर्दोष. यंत्र मोटरच्या मानाने अशक्त. सबब मोटरला साजेसे नवे यंत्र घ्यावे. सुरक्षिततेसाठी थोडे मोठे.

तेवढ्यात मे उजाडला. परीक्षकांनी विचारले, "यंत्र हलतं का?"

"हललं होतं," मॅडम म्हणाल्या. यात खोटे काहीच नव्हते.

परीक्षकांनी धम्मदीपकडे पाहिले. तो एकदा 'नाई' म्हणाला असता, तर अख्खी तुकडी घरी बसली असती. तो 'हो' म्हणाला. पोरे एकेक करून वाकलेल्या लेथसमोर उभी राहिली.

"सर, बटन दाबू का दाबल्यासारखं करू?" करिश्माने हळूच विचारले.

"दाबल्यासारखं. पण जोरानं."

सगळी उत्तीर्ण झाली. 'चालत्या यंत्रावर प्रात्यक्षिक पूर्ण' असे प्रमाणपत्रावर छापून आले, आणि कारखान्याने शब्द पाळून सर्वांना घेतले. धम्मदीपने पेढे वाटले.

परवा करिश्माचा फोन आला. मागे मोठी घरघर होती.

"सर, इथली मशीन खरोखरच हालते जी! आमी लिफ्टचे ब्रेक बनवून राह्यलो. चालू तं झाली, आता थांबवाची कशी?"

धम्मदीप अजून विचार करतो आहे. आपण वरच्या मजल्यावर राहत असाल, तर त्याचे उत्तर येईपर्यंत जिना वापरावा. हसत हसत उतरलात तरी प्रशासनाची हरकत नाही.