कॉलम रिकामा सोडाचा नाही

आमच्या स्टील प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर दोनमध्ये राहणारे डोंगरेभाऊ लोकांना गरीब दिसायला शिकवत. हो, शिकवत! तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारला नुसता गरीब चालायचा नाही, तो दिसावाही लागायचा. दर रविवारी शेजारच्या कोहका गावच्या बाया पेन्शनचे, रेशन कार्डाचे अर्ज घेऊन येत आणि भाऊ खुर्चीत साहेब होऊन बसत.

"हासून कावून राहिली वो? अन् डोक्याचं तेल पूस. साहेब म्हणन, हिच्या घरी तेल आहे!"

दुसरा मंत्र, "कॉलम रिकामा सोडाचा नाही!" म्हैस नसली तरी लिहायचं, 'म्हैस: नाही'.

आता गंमत ऐका. प्लांटच्या ऑफिसात नॉमिनीचे फॉर्म माझ्याकडे. आपल्यामागे पैसे कोणाला द्यायचे, हा भाऊंचा कॉलम कित्येक वर्षं कोरा. आठवण केली की चहा मागवत. लग्न नाही, मागेपुढे कोणी नाही, लिहिणार काय!

त्यांच्याकडे भांडी घासायला बिसाहिन दाई यायची; आमच्या भागात म्हातारीला दाई म्हणतात. सत्तरीची, एकटी. हातातून भांडी सुटायला लागली, तेव्हा भाऊंनी तिच्या निराश्रित पेन्शनचा अर्ज भरला. ती मिळाली नाही तर म्हातारी खाणार काय? अट एकच, सांभाळणारं कोणी नको. महिनाभर तालीम झाली. "कोणी आहे?" "कोनो नइ हे." एकदम पाठ.

दुर्गच्या ऑफिसात मीही सोबत गेलो. साहेबानं विचारलं, "अम्मा, देखभाल करने वाला कोई है?"

दाईनं भाऊंकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. मग त्यांचा हात धरून म्हणाली, "ए हे ना साहेब, मोर बेटा!"

अर्ज तिथंच फेटाळला.

"सत्यानाश केला बुढीनं! महिन्याची मेहनत पाण्यात!" बसमध्ये भाऊ सारखे बडबडत होते. दाई शेंगा सोलून त्यांच्या हातावर दाणे ठेवत होती आणि ते खातही होते.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी हजर. "माहा फारम काढ." कोऱ्या कॉलमात त्यांनी लिहिलं, 'बिसाहिन बाई. नाते: आई.'

"भाऊ, नात्याचा पुरावा लागते," मी चेष्टेनं म्हणालो.

त्यांनी पिशवीतून तो फेटाळलेला अर्ज काढला. साहेबाचा लाल शाईतला शेरा होता, 'पुत्र है. निरस्त.' खाली सही, गोल शिक्का.

"सरकारनंच लिहून देल्लं न बाप्पा," म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. नियम गेला खड्ड्यात, मी फॉर्म जमा करून घेतला.