भिवरामावशीला शाळा सोडता येईना

एका जंगलात सगळं काही होतं, बाळांनो. नदी होती, नाला होता, करवंदाच्या जाळ्या होत्या, नाल्यापलीकडे शाळासुद्धा होती. पोरं चौथीपर्यंत टिकायची आणि मग पोटापाण्याला लागायची. दहावी पास असं कुणी नव्हतंच म्हणा ना. आणि गंमत बघा, त्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं. हसू नका, पुढे अडणार आहे.

त्या जंगलात भिवरा नावाची अस्वलीण राहायची. सगळे तिला मावशी म्हणायचे. नाल्याला पाणी फार आणि पिल्लांचे पाय आखूड. म्हणून भिवरामावशी रोज सकाळी दारोदार फिरायची, पिल्लांना पाठीवर घ्यायची आणि शाळेत सोडायची. दुपारी परत आणायची. सशाची पोरं मानेजवळ, हरणाचं पाडस मधे आणि साळिंदराचा गोट्या सगळ्यांत मागे. गोट्या मागेच का, असं ज्याला विचारायचंय त्याने एकदा साळिंदर पाठीवर घेऊन बघावं.

पिल्लांच्या आया तिला मोहाची फुलं द्यायच्या. पण खरं सांगू? फुलं नसती दिली तरी ती गेलीच असती. पिल्लं पाठीवर चढून कान ओढायला लागली की तिला फार बरं वाटायचं.

एकदा काय झालं, वाघमहाराज शेजारच्या जंगलात पाहुणचाराला गेले. येताना ते एक सुधारणा घेऊन आले. लगेच दवंडी पिटली गेली. 'पिल्लांना शाळेत सोडणारा दहावी पास असला पाहिजे. पौर्णिमेपासून अंमल.'

आता दहावी पास आणायचा कुठून? शोधाशोध झाली तेव्हा एक उमेदवार सापडला. तरस. तो कुठे पास झाला, कसा झाला, कुणाला ठाऊक नव्हतं. पण प्रमाणपत्र होतं, त्यावर शिक्का होता. तरस दरबारात उभा राहिला आणि म्हणाला, "मला लहान मुलं अतिशय आवडतात." आणि त्याने ओठांवरून जीभ फिरवली.

वाघमहाराजांना त्याची तळमळ भावली. त्यांनी जागच्या जागी नेमणूक केली.

त्या संध्याकाळी शेवंता ससीण धापा टाकत भिवराच्या गुहेत आली. तिची तिन्ही पोरं मावशीच्याच पाठीवरून जायची.

"मावशी, तुझ्या पाया पडते, पण तू दहावी हो."

"अगं बये! या वयात?"

"मग काय पोरं तरसाच्या पाठीवर बसवू? ती पाठीवर तरी राहतील का गं?" आणि शेवंता रडायलाच लागली.

भिवराने तिचे डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी उजाडल्या उजाडल्या ती परीक्षा कचेरीत गेली. तिथे घोरपडेभाऊसाहेब होते. नावाप्रमाणेच घोरपड. नियमाला एकदा चिकटले की दोर लावून ओढा, सुटायचे नाहीत.

"भाऊसाहेब, मला दहावी व्हायचंय."

"मग सोपं आहे. तुम्ही बाहेरून बसा."

भिवरा मुकाट्याने बाहेर गेली आणि पायरीवर बसली.

बसली, बसली, ऊन डोक्यावर आलं. शेवटी भाऊसाहेब जेवायला निघाले आणि तिला अडखळून पडता पडता वाचले. "अहो बाई, इथे काय करताय?"

"तुम्हीच म्हणालात ना, बाहेर बसा."

"बाहेर नाही हो, बाहेरून! म्हणजे शाळेत न जाता परीक्षेला बसायचं. त्याला पात्रता लागते." भाऊसाहेबांनी नखांवर अटी मोजायला सुरुवात केली. "वय पूर्ण पाहिजे."

"ते पूर्ण होऊन उतू चाललंय."

"याच जंगलातली रहिवासी पाहिजे."

"माझी गुहा माझ्या आजीनं उकरलीय."

"आणि शाळा सोडलेली पाहिजे."

भिवराचा चेहरा खुलला. "रोज सोडते की! सकाळी सोडते, दुपारी परत आणते."

"शाळेत सोडणं नव्हे, शाळा सोडणं!" भाऊसाहेबांनी कपाळाला हात लावला. "शाळा सोडल्याचा दाखला आणा. त्याशिवाय मी अर्जाला हात लावणार नाही."

"पण मी शाळेत गेलेच नाही, तर सोडू कशी?"

"तो तुमचा प्रश्न आहे," असं म्हणून भाऊसाहेब जेवायला गेले.

भिवरा तडक शाळेत गेली. हेडमास्तर बगळेगुरुजी एका पायावर उभे राहून विचार करत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तोडगा काढला. "आज नाव घाल, चार दिवस वर्गात बस, मग शाळा सोड. मी दाखला देतो."

झालं! भिवरामावशी पहिलीत बसली. बाकावर बसली तेव्हा बाक मोडला, म्हणून जमिनीवर बसली. पाढे म्हणताना तिचा आवाज इतका घुमायचा की झाडावरची माकडंसुद्धा बे एके बे करायला लागली. गोट्या तिला पाटीवर अक्षरं गिरवून दाखवायचा. ज्या दिवशी तिने स्वतःचं नाव लिहिलं, त्या दिवशी ती पाटी घेऊन नाल्यापर्यंत नाचत गेली. आजवर आपण पोरांना कुठे सोडत होतो, हे तिला पहिल्यांदा कळलं.

पौर्णिमा तोंडावर आली. भिवरा गुरुजींकडे गेली. "गुरुजी, आता मला सोडा. दाखला द्या."

गुरुजींनी पाय बदलला. "भिवरा, तुला कसा सोडू? तू आल्यापासून शाळेचा पट कधी नव्हे तो भरलाय. तू गेलीस तर पट उतरेल आणि वरून हुकूम येईल, शाळा बंद करा. मग या पोरांनी जायचं कुठे?"

"पण गुरुजी, उद्या तरस येणार!"

"ते माझ्या अखत्यारीत नाही," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

घरी येऊन भिवरा ढसाढसा रडली. अक्षर आलं, पाढे आले, पण पिल्लं चालली. मग रडता रडता ती एकदम थांबली. भाऊसाहेबांचं एक वाक्य तिला आठवलं.

पौर्णिमेच्या सकाळी तरस नाल्यावर हजर झाला. गळ्यात प्रमाणपत्र, मागे घोरपडेभाऊसाहेब. समोरून भिवरा आली. पाठीवर सगळी पिल्लं, आणि तिच्या स्वतःच्याही गळ्यात दप्तर.

"उतरा रे," तरस गोड आवाजात म्हणाला. "आजपासून मी."

पिल्लं भिवराच्या केसांत तोंड खुपसून बसली. भाऊसाहेब पुढे झाले. "बाई, हुकूम आहे. पिल्लांना शाळेत सोडणारा दहावी पास पाहिजे."

"पण मी कुठे सोडतेय?" भिवरा म्हणाली. "मी पहिलीत आहे. मी शाळेत चाललेय. ही माझ्या वर्गातली पोरं आहेत, आम्ही बरोबर चाललोय. सोडणं मला कुठे जमतं, भाऊसाहेब? शाळेत सोडणं वेगळं, शाळा सोडणं वेगळं, तुम्हीच शिकवलंत. आणि गुरुजी तर म्हणतात, तुला सोडणारच नाही!"

भाऊसाहेबांनी नियम पुढून वाचला, मागून वाचला. एका विद्यार्थिनीने दुसऱ्या विद्यार्थ्याला पाठीवर घेऊ नये, असं कुठेच नव्हतं. "नियमात बसतं," ते म्हणाले आणि बाजूला सरकले.

भिवरा नाल्यात उतरली. गोट्याने मागे वळून तरसाला जीभ दाखवली.

तरसाची नेमणूक काही रद्द झाली नाही हं! दरबारी नेमणुका अशा रद्द होत नसतात. तो रोज नाल्यावर येतो, हजेरी लावतो, पगार घेतो आणि उन्हात झोपतो. काही काम करत नाही, म्हणून सगळ्या आया त्याच्यावर खूश आहेत.

आणि भिवरामावशी? ती अजून पहिलीतच आहे. आता तिला सगळं येतं. दुसरीचं येतं, चौथीचं येतं, गोट्याच्या चुकासुद्धा तीच दुरुस्त करते. पण पास होत गेली तर एक दिवस शाळा सोडावी लागेल, म्हणून वार्षिक परीक्षा आली की ती बे एके सतरा लिहिते, स्वतःचं नाव मुद्दाम चुकवते आणि पेपर देऊन टाकते. नापास करायचं नाही, हा नियम अजून त्या जंगलात पोचलेला नाही. तो पोचू नये म्हणून शेवंता ससीण उपास करते.

तात्पर्य : बाळांनो, मन लावून शिका, शिकलेलं कधी वाया जात नाही. फक्त ज्याला खरंच काम करायचं आहे, त्याने पास होऊ नये.