नानांच्या पियानोतलं शिसं

आमच्या शेजारच्या नानांकडे पियानो आहे आणि नानांना पियानो वाजवता येत नाही. अख्ख्या शिरपुरात पाहुण्याला आधी पाणी देतात. नाना आधी बॅटरी देतात आणि पियानोत डोकं घालायला लावतात.

जन्मभर ते कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. धुळ्यातल्या एका बंगल्याचं सामान विकायला निघालं, तेव्हा लोकांनी पलंग, कपाटं उचलली. नाना हे धूड टेम्पोत घालून घेऊन आले. मी विचारलं, "नाना, वाजवणार कोण?"

"वाजाडनं कोनले शे? चालू व्हयना पाहिजे."

पट्टीचं पुढचं टोक दाबलं की मागचं वर जातं, ते हातोडीला ढकलतं, हातोडी तारेवर ठोका देऊन लगेच मागे येते. बोट उचललं की लोकरीची गादी तारेवर बसून आवाज थांबवते. हे मी नानांकडून निदान वीस वेळा ऐकलंय. हातोडीवर तर नानांचा फार जीव. "काम करस आनि बाजूले व्हस. असा मानूस दखाड माले." मी त्यांना असा माणूस अजून दाखवू शकलेलो नाही.

मग अक्कांना, म्हणजे नानांच्या बायकोला, लकवा झाला. उजवा हात लुळा पडला. डॉक्टरांनी बोटांच्या व्यायामाला रबरी चेंडू दिला, तो अक्कांनी भिरकावला. "मी काय न्हानी पोर शे?" नानांनी त्यांना पियानोसमोर बसवलं. पट्टी हललीसुद्धा नाही. अक्का उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी नाना टायरवाल्याकडून चाकं बॅलन्स करायची शिशाची वजनं घेऊन आले आणि पट्ट्यांच्या पुढच्या भागात भोकं पाडून ठोकत बसले. "टोक जड करं का बोटले हलकं लागस," ते मला म्हणाले. "तिले सांगजो नको." संध्याकाळी अक्कांच्या बोटाखाली पट्टी गेली, सूर निघाला. अक्का किती दिवसांनी हसल्या.

पुढे दर आठवड्याला, अक्का देवळात गेल्या की नाना थोडं शिसं काढून घ्यायचे. मला या माणसाचं फार कौतुक वाटायचं, आणि अक्का मधेच कंटाळतील अशी भीतीही.

भीती खरी ठरली. एके दिवशी माझ्यासमोरच अक्कांनी झाकण लावलं. "चार महिना हुई गयात. पट्टी तितलीच जड शे. मना हात आते सुधरत नही. उद्यापासून नको."

हातोडीवर तासभर बोलणाऱ्या नानांनी सरळ झाकण काढलं, एक पट्टी उपसली आणि रिकामं भोक दाखवलं.

"आठे शिसं व्हतं. मी काढी लिनं. आते तू सोताच दाबी ऱ्हायनी."

अक्कांनी भोकात बोट घालून पाहिलं. मग नानांकडे पाहिलं, चांगलं रोखून.

"कितल्या पट्ट्यांमां बाकी शे?"

"तीनमां."

"मंग आत्तेच काढा. मी बठेल शे."

नानांनी पक्कड माझ्या हातात दिली आणि स्वतः बॅटरी धरली.