तिसऱ्या गटाचं बारसं

एका जंगलात, मुलांनो, एक तळं होतं. उन्हाळ्यात ते आटायचं आणि त्याच्या कोरड्या तळाशी दर रविवारी मोटारींच्या शर्यती व्हायच्या. गोल गोल. कुठेही पोचायचं नसायचं. मोठी माणसं असंच करतात. मोठे प्राणीही.

शर्यतींत दोन गट होते, 'व्याघ्रगर्जना' आणि 'वायुवेग'. दोन्हींत नव्या चकचकीत गाड्या.

त्याच जंगलात एक साळू राहायची. अंगभर काटे, दोन पिल्लं, एक सासू आणि दिरांनी वापरून दिलेली छोटी जुनी गाडी. त्या गाडीतून ती पिल्लांना शाळेत सोडायची, भाजी आणायची, सासूबाईंना डॉक्टरांकडे न्यायची. मागच्या सीटवरून सासूबाई म्हणायच्या, "हळू गं, हळू!" साळू विसाच्या वर कधी गेली नव्हती.

(सासूबाईंचं बरोबरच होतं. रस्त्यावर हळूच चालवावी. पट्टाही लावावा. हे गोष्टीत नाही, पण सांगून ठेवते.)

साळूला एकच हवं होतं. एक दिवस, दहा फेऱ्या, आणि 'हळू' म्हणायला मागे कोणी नको.

म्हणून तिने शर्यत समितीकडे अर्ज केला. तिसरा गट काढा. गाडी दुकानातून आली तशीच असावी, शर्यतीसाठी काही न बदललेली, घरची, जुनी, पोचे असले तरी चालतील. शर्यतीत धक्के लागले तर लागले. अशाच जुन्या गाड्यांवाल्या आणखी चौघींनी सह्या केल्या. अर्ज मंजूरही झाला.

फक्त 'गटाचे नाव' हा रकाना साळूने रिकामा ठेवला होता. सुचेल तेव्हा भरू म्हणून. मीही तेच केलं असतं.

समितीत तिघं होते. अध्यक्ष गवाअण्णा, चिटणीस कोल्हा आणि सदस्य तरस. शर्यत रविवारी होती. सोमवारी तळ्यात धरणाचं पाणी सोडणार होते. म्हणजे हा रविवार गेला की थेट पुढचा उन्हाळा.

"नाव नाही तर झेंडा नाही," गवाअण्णा म्हणाले. त्यांनी झेंडा हलवल्याशिवाय शर्यत सुटत नसे.

"लिहा ना मग," साळू म्हणाली. "जुन्या गाड्यांचा गट."

"छे, वहिनी! हे तर कोणालाही कळेल," कोल्हा म्हणाला. "नाव कसं रीतसर ठेवायला हवं. आपण बारसंच करू."

आता बारशात नाव कोण ठेवतं, मुलांनो? आत्या. आत्या म्हणजे बाबांची बहीण. तेव्हा आधी गटाचे बाबा कोण, ते ठरवणं आलं.

"कल्पना मूळची माझी," गवाअण्णा म्हणाले. "अंघोळ करताना बोललो होतो मी."

"अंघोळ?" कोल्हा म्हणाला. "चिखलात लोळत होतात, अण्णा. आणि बोललो मी, तुम्ही नुसतं हं म्हणालात."

तरस खो खो हसला. "अर्जावर शिक्का कोणी मारला? मग बाप कोण?"

असे शनिवारपर्यंत तीन बाबा झाले आणि तीन आत्या. आई कोण, हे कोणी विचारलं नाही. आईला बारशाच्या घुगऱ्या शिजवायच्या असतात.

रविवारी तळ्याच्या मधोमध पाळणा बांधला. सगळ्यात लहान म्हणून साळूचीच गाडी त्यात घातली. गाडीचा कान कुठला, यात तासभर गेला. शेवटी आरशाला कान मानायचं ठरलं. तिन्ही आत्या एकदम वाकल्या आणि तीन नावं कुजबुजल्या. जमलेल्या बायकांनी रीतीप्रमाणे त्यांच्या पाठीत धपाटे घातले. गव्याच्या बहिणीने ते परत केले.

ऊन उतरायला लागलं तेव्हा तडजोड झाली. नाव ठरलं: 'श्रीमंत वनकेसरी प्रचंडवेग रणरत्न गौरव गट'.

नियम होता की गटाचं नाव गाडीच्या दारावर वीतभर अक्षरांत रंगवलेलं हवं. रंगारी बगळा साळूच्या गाडीजवळ गेला, मान वाकडी करून बघितलं, परत आला.

"'श्रीमंत व' एवढंच बसतंय."

"मग मोठ्या दाराची गाडी आणा, वहिनी," कोल्हा म्हणाला. "नाहीतर माझा भाचा पळवेल. त्याच्या गाडीचं दार ऐसपैस आहे."

"त्याची गाडी नवी आहे, भाऊजी. हा गट जुन्या गाड्यांचा."

"असं नावात कुठे म्हटलंय?"

साळूने नाव पुन्हा वाचलं. खरंच कुठे म्हटलं नव्हतं.

तिने हातातलं घुगऱ्यांचं पातेलं कोल्ह्याच्या हातात दिलं. पाळण्यात चढली. दोन्ही हातांनी गाडीचं दार धरून एक हिसका दिला. वीस वर्षांचं दार ते, लगेच निघालं.

"हे घ्या दार. सावकाश रंगवा. उरलेली अक्षरं या चौघींच्या दारांवर घ्या."

गाडीचं दार गाडीलाच असावं, असं नियमात नव्हतं. पाच दारं समितीसमोर ओळीने मांडली गेली आणि बघा, नाव बसलं! समिती हरखली. 'केसरी' लाल हवं की पिवळं, यावर तिघांची जुंपली. तोवर चौघींनी साळूची गाडी पाळण्यातून खाली उतरवली. भांडणाच्या भरात गवाअण्णांचा हात हलला, हातात झेंडा होता.

पाच गाड्या सुटल्या. दहा फेऱ्या. धडाधड धक्के, धुरळा. काठावरून सासूबाई काहीतरी ओरडत होत्या. इंजिनाच्या आवाजात साळूला काही ऐकू आलं नाही.

(दार नसलेल्या गाडीत तुम्ही बसायचं नाही. मला लिहितानाच धडधडतंय.)

साळू पाचांत तिसरी आली. उतरली तेव्हा तिचे सगळे काटे उभे होते आणि ती हसत होती.

बक्षीस समारंभात गवाअण्णा म्हणाले, "आजचं यश केवळ नावाचं!" टाळ्या झाल्या. रंग अजून ओला होता.

तात्पर्य: मुलांनो, नाव नेहमी मोठं आणि समितीकडूनच ठेवून घ्यावं. तेवढ्यात शर्यत उरकता येते.